नळ आला, पोर कुणाकडं? सोलापुरातल्या एका घराचं प्रकरण

लहान मुलांच्या सुरक्षेविषयीच्या पत्रकात एक ओळ हमखास असते: वापर झाला की बादली रिकामी करून पालथी घाला. सल्ला अगदी बरोबर आहे आणि सोलापुरात तो कुणी पाळत नाही. उजनी धरणाचं पाणी ज्या शहराला वर्षानुवर्षे तीन, चार, पाच दिवसांआड मिळत आलं, तिथं अर्धी बादली पाणी मोरीत ओतून द्यायला कुणाचा हात धजेल? खालचं प्रकरण याच अर्ध्या बादलीचं आहे. ती कुण्या एका कुटुंबाची हकिगत नव्हे. अक्कलकोट रस्ता, अशोक चौक, नीलम नगर या बाजूच्या घरांची जी नेहमीची मांडणी असते, तिच्यावरून हे घर उभं केलं आहे.

घर आणि घरातलं पाणी

पुढं पडवी, मध्ये एक खोली, तिच्यातच एका भिंतीला ओटा, मागं मोरी. बाप यंत्रमागावर रात्रपाळीला, सकाळी आठच्या आधी घरी येत नाही. आई घरी विड्या वळते. सासूचे गुडघे धरलेले. मोठी मुलगी सहा वर्षांची. धाकटी सोळा महिन्यांची: वजन साडेनऊ किलो, उंची ७८ सेंमी, चालायला लागून दोन महिने झालेले.

पडवीत जमिनीखाली हौद आहे, ५ फूट लांब, ४ रुंद, ५ खोल; म्हणजे काठोकाठ भरला तर २,८०० लिटर. तोंड २ बाय २ फुटांचं, त्यावर शहाबादी फरशी. खोलीत २०० लिटरचं निळं पिंप आणि दोन घागरी. मोरीत दुसरं पिंप, पण मधोमध कापलेलं, धुण्यासाठी. आणि त्याच्या शेजारी कोपऱ्यात रंगाची २० लिटरची रिकामी झालेली बादली. तेंदूची पानं कापण्याआधी भिजवावी लागतात, ती या बादलीत. पानं काढून ओल्या फडक्यात गुंडाळली की उरलेलं पाणी संडासाला वापरायचं म्हणून तसंच राहतं.

घरातल्या सगळ्यांना भीती होती ती हौदाची. गल्लीत हौदात पोर पडल्याची गोष्ट प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली असते. पिंपाचीही थोडी भीती होती. बादलीकडं मात्र धोका म्हणून कुणी पाहिलंच नव्हतं.

पहाटेचा पाऊण तास

५:४० ला नळ आला. आई आणि शेजारच्या अक्का, दोघींनी मिळून फरशी सरकवली. २ बाय २ फुटांची सव्वा इंच जाड फरशी तीसेक किलो भरते, एकटीला हलत नाही. हौदात पाइप सोडला, मोटार लावली. (नळाला थेट मोटार लावणं नियमात बसत नाही. पण गल्लीत एकानं लावली की बाकीच्यांना धार उरत नाही, मग सगळेच लावतात.) तोंड उघडं म्हणून सासू पाट घेऊन हौदाशेजारी बसली. इथपर्यंत घरानं जे करायला हवं ते केलं होतं.

५:५५ च्या सुमारास धाकटी उठली आणि पडवीत आली. उघड्या हौदापाशी पोर नको म्हणून आजीनं तिला आत पिटाळलं: "जा, आईकडं जा." आई त्या वेळी खोलीतलं पिंप भरत होती. तिनं पोरीचा आवाज पडवीतून ऐकला होता, म्हणून तिच्या हिशेबी पोर आजीजवळ. आजीच्या हिशेबी पोर आईजवळ. मग धार बारीक झाली, गल्लीत आरडाओरडा सुरू झाला आणि आई मोटारीचं बटण बघायला बाहेर गेली.

पोर मोरीत गेली. बादलीत प्लॅस्टिकचा लाल मग तरंगत होता. सहा वर्षांची बहीण तोंड धुवायला गेली तेव्हा तिला बादलीबाहेर फक्त पाय दिसले. ती ओरडली, पण पहिली हाक मोटारीच्या आवाजात कुणाला कळली नाही. किती वेळ गेला हे घड्याळ लावून सांगता येणार नाही. आई बाहेर पडल्यापासून मोजलं तर तीन मिनिटांच्या आतबाहेर.

बादली उलटली का नाही?

हा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारला. उत्तर साध्या वजनात आहे. बादलीची उंची ३८ सेंमी, म्हणजे काठ पोरीच्या बेंबीच्या जरा खाली. आत दहा लिटर पाणी, पातळी तळापासून १६-१७ सेंमी. तरंगत्या मगापर्यंत पोचायचं तर काठावरून वीसेक सेंमी आत वाकावं लागतं. या वयात डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि जड असतं, शरीराचा तोल बराच वर असतो. कंबर काठावर टेकली आणि डोकं आत गेलं की पाय आपोआप उचलले जातात. आता बादली रिकामी असती तर पोरीसकट कलंडली असती. दहा लिटर पाण्याची बादली अकरा किलोच्या घरात जाते, पोरीपेक्षा जड. शिवाय ती कोपऱ्यात दोन भिंतींना टेकलेली. काठोकाठ भरलेल्या बादलीइतकीच अर्धी बादली धोक्याची असते ती यामुळं. नाक-तोंड बुडण्यापुरतं, पाचेक सेंमी पाणी असलं तरी लहान मूल बुडू शकतं.

दुसरं, आवाज. बुडणारं मूल हाका मारील, पाणी आपटेल, ही समजूत सिनेमातली. तोंड पाण्याखाली असताना ओरडता येत नाही, उलटं लोंबकळत असताना हातांनी काठ ढकलण्याचं बळ दंडात नसतं. दोनेक मिनिटांत शुद्ध हरपते. चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. म्हणून "मी आवाजावर लक्ष ठेवून होते" हे वाक्य कितीही खरं असलं तरी पाण्याच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली आणि त्यांतली जवळपास चौथाई पाच वर्षांखालची होती. आपल्याकडं बुडणं म्हटलं की नदी, विहीर, तलाव डोळ्यांपुढं येतात. पोहायला गेलेल्या मोठ्या मुलांसाठी ते खरं आहे. विहीर आणि प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं यांचं प्रकरण वेगळं लिहावं लागेल. दीड वर्षाचं पोर मात्र शहरातल्या कंबर तलावापर्यंत चालत जात नाही, ते मोरीपर्यंत जातं.

बाहेर काढल्यावर

आईनं पोरीला उचललं तेव्हा ती लुळी होती, ओठ निळे, श्वास नाही. शेजारचे एक काका धावत आले, त्यांनी तिचे दोन्ही पाय धरून उलटं टांगलं आणि दोनदा झुलवलं. दुसरं कुणी म्हणालं, पोट दाबा. तिसऱ्याच्या फोनवर बुडालेल्याला मिठात पुरून ठेवायचा संदेश कधीतरी आलेला होता. वेळ जातो तो इथं. फुफ्फुसात गेलेलं पाणी फार थोडं असतं आणि ते टांगून किंवा दाबून बाहेर येत नाही. जे बाहेर येतं ते पोटातलं, आणि ते श्वासनलिकेत जाऊन नवं संकट उभं करतं. मिठाचा तर कशाशीच संबंध नाही. पोराला हवा पाहिजे असते, आणि ती आपल्याच छातीतून द्यावी लागते.

गल्लीतल्या एका माग कामगारानं कारखान्यात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं होतं. त्यानं पोरीला ओट्यावर उताणं ठेवलं आणि तोंडानं श्वास दिला. पहिले दोन श्वास आत गेले नाहीत, छाती हलली नाही. मान नीट मागं झालेली नव्हती. त्यानं कपाळावर हात ठेवून डोकं थोडं मागं केलं, हनुवटी दोन बोटांनी उचलली, नाक चिमटीत धरलं. तिसऱ्या श्वासाला छाती वर आली. आणखी दोन श्वासांनंतर पोरीला ठसका लागला, उलटी झाली. त्यानं तिला लगेच कुशीवर वळवलं. मग रडणं.

हीच गोष्ट क्रमानं लिहायची तर अशी. हाक मारूनही पोर प्रतिसाद देत नाही आणि श्वास नीट चालत नाही असं दिसलं, की आधी पाच श्वास. प्रत्येक श्वास एक सेकंदभर, छाती वर येईल इतकाच. मोठ्या माणसाचा पूर्ण दम त्या छातीला जास्त होतो. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर डोकं मागं न झुकवता सरळ ठेवायचं आणि आपलं तोंड त्याच्या नाक-तोंड दोन्हींवर बसवायचं. पाच श्वासांनी हालचाल, खोकला, काही नाही, तर छाती दाबायला लागायचं: दोन स्तनाग्रांच्या मध्ये, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, बाळ असेल तर छाती दोन्ही पंजांत धरून दोन अंगठे. छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, म्हणजे पोराला सुमारे पाच सेंमी, बाळाला चार. वेग मिनिटाला १०० ते १२०. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब. दोघं असतील तर दुसऱ्यानं त्याच क्षणी १०८ ला फोन. एकटंच असेल तर आधी मिनिटभर हे करायचं आणि मग फोन, तोही स्पीकरवर टाकून, हात न थांबवता. मदत येईपर्यंत किंवा पोर स्वतः श्वास घेईपर्यंत थांबायचं नाही.

रडायला लागली म्हणजे सुटली, असं नव्हे. ओले कपडे काढून कोरड्या चादरीत गुंडाळायचं आणि दवाखान्यात न्यायचंच. पाणी आत गेलेल्या फुफ्फुसाला सूज काही तासांनी चढू शकते, म्हणून पोर हसत-खेळत असलं तरी किमान सहा ते आठ तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवतात. श्वास जोरात चालणं, सतत खोकला, पोर गळून जाणं ही लक्षणं बघतात. या प्रकरणात गल्ली अरुंद म्हणून रुग्णवाहिका आत आली नसती. पोरीला घेऊन दोघं मुख्य रस्त्यावर जाऊन थांबले, हे शहाणपणाचं झालं. तिला ऑक्सिजन लागला, छातीचा एक्स-रे झाला आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

चूक कुणाची, हा प्रश्न बाजूला ठेवून

घरात पहिल्या आठवड्यात जे व्हायचं तेच झालं. सासू सुनेला बोलली, सून मनातल्या मनात सासूला. पण वेळापत्रक नीट पाहिलं तर दोघीही कामातच होत्या, आणि आजीनं पोरीला हौदापासून लांब धाडलं हे बरोबरच होतं. नडलं ते दुसरंच. पोर एकीच्या हातून दुसरीच्या हाती गेली, पण घेणारीनं "घेतली" म्हटलं नाही.

आता हा तास बघा. एरवी झाकलेलं सगळं पाणी नळ आल्यावर उघडं होतं. एरवी मोकळे असणारे हात त्याच वेळी गुंततात. आणि गल्लीत सगळीकडं नळ एकाच वेळी येतो, म्हणजे "जरा पोर बघ" म्हणायला शेजारीण मोकळी नसते. पुरवठा भागवार असतो, याचा उपयोग करून घेता येतो: मावशी किंवा आत्या दुसऱ्या पेठेत राहत असेल आणि तिचा नळ वेगळ्या दिवशी असेल, तर एकमेकींच्या पाण्याच्या दिवशी एकमेकींची पोरं सांभाळायची. आदल्या रात्री मुक्कामाला नेली तर उत्तमच. ते जमत नसेल तर घरातल्या एकानं त्या तासात पाण्याला हात लावायचा नाही. या घरात ते काम सासूकडं आलं. तिचे गुडघे पाहता घागरी उचलण्यापेक्षा ते सोयीचंही होतं. पोर दुसऱ्याकडं देताना नाव घेऊन विचारायचं आणि उत्तर ऐकल्याशिवाय हात सोडायचा नाही. सहा वर्षांच्या बहिणीवर हे काम टाकायचं नाही. तिनं बघितलं म्हणून पोर वाचली हे खरं, पण तिला राखण नेमलेलं नव्हतं आणि नेमूही नये.

घरात केलेले बदल

सगळ्यात मोठा बदल हौदाचा, आणि तो झाकणापेक्षा पाइपचा आहे. हौद भरताना झाकण उघडावं का लागतं? पाइप आत सोडायला. म्हणून हौदाच्या तोंडालगत कायमचा एक इंची पाइप बसवून वाकण दिलं, आतल्या टोकाला तरंगत्या गोळीचा व्हॉल्व्ह लावला. आता नळ आला तरी झाकण बंदच राहतं आणि हौद भरला की पाणी आपोआप तुटतं. गोळीच्या तोंडाशी गाळ बसतो, महिन्या-दोन महिन्यांनी काढून धुवावी लागते. नाही तर ती अडकते, पाणी वाहून जातं आणि घरचे वैतागून पुन्हा झाकण उघडून पाइप सोडायला लागतात. मोटारीच्या दाबानं गोळी उडू नये म्हणून हौद भरत आला की मोटार बंद करायची.

फरशी काढून टाकली. जड झाकण सुरक्षित वाटतं, पण दोघींना मिळून उचलावं लागतं म्हणून ते एकदा सरकवलं की दिवसभर अर्धवट उघडं राहतं. त्याजागी तीन मिलिमीटरचा खडबडीत लोखंडी पत्रा, बिजागरीवर, वजन दहा किलोच्या आसपास. एका बाईला एका हातानं उघडता यावा आणि सोडला की मिटावा. दहा किलो सहा वर्षांच्या पोरीलाही थोडं उचलता येतं, म्हणून कडी आणि कुलूप. स्वस्त कुलूप दमटपणानं पहिल्या पावसाळ्यातच गंजून धरतं; पितळी घ्यावं, किल्ली दाराच्या चौकटीवर मोठ्यांच्या हाताला येईल अशी टांगावी. पत्र्याखाली दहा मिलिमीटर सळईची जाळी, सळ्यांमधलं अंतर तीन इंच. चार इंचांच्या वर गेलं तर लहान पोराचं अंग त्यातून निसटतं. जाळी भिंतीत पक्की बसवायची, नुसती ठेवायची नाही.

पिंपाला तळापासून दोन-अडीच इंचांवर अर्ध्या इंचाची तोटी बसवली, आतून-बाहेरून रबरी वॉशर लावून. तोटी त्याहून खाली गेली तर गाळ येतो. वरचं मूळ झाकण रिंगेसकट शोधून काढलं. ताट झाकलेलं पिंप म्हणजे उघडं पिंप. पिंपाची उंची ९० सेंमीच्या वर, म्हणून धाकटीच्या हाताला ते लागत नाही, पण शेजारी पाट, पालथी बादली किंवा विडीचं सूप ठेवायचा कट्टा असला की चढायला पायरी तयार.

मोरीतलं कापलेलं पिंप घरात सगळ्यात वाईट भांडं होतं. उंची ४५ सेंमी, म्हणजे दीड-दोन वर्षांच्या पोराला वाकून बघायला नेमकी. ते काढलं.

बादलीचं काय? टाकून द्यायचं नाही, हे मान्यच. मग नियम असा केला की उरलेलं पाणी जिथलं तिथं न राहता एकाच भांड्यात जाईल: मोरीत झाकणाचं आणि तोटीचं एक पिंप, "वापरायचं पाणी" एवढ्यासाठीच. पानांचं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी, सगळं त्यात. बादली लगेच पालथी. लाल मग बादलीत न तरंगवता खिळ्याला टांगायचा. मोरीच्या दाराला बाहेरून साडेचार फुटांवर कडी. उंबऱ्यावर अडीच फुटांची फळी लावायचाही विचार झाला होता. आडव्या पट्ट्यांची फळी पोराला शिडीसारखी असते, म्हणून सपाट हवी, आणि सासूला ती ओलांडता येईना. कडीवरच भागवलं.

झाकणांचा दुसरा फायदा डासांचा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा म्हणून आरोग्य कर्मचारी दारात येतात तेव्हा लोक त्यांना टाळतात. घट्ट झाकण लावलं तर ते भांडणही कमी होतं. पोराच्या भीतीनं झाकण लावलं तरी चालेल, डासाच्या भीतीनं लावलं तरी चालेल.

तीन महिन्यांनी

पूर्व भागात बऱ्याच घरांची बोली तेलुगू आहे. सूचना मराठीत लिहून भिंतीला चिकटवल्या तर त्या आजीसाठी नसतात. तिला त्या तिच्या भाषेत, करून दाखवून सांगाव्या लागतात. श्वास देण्याचा सराव उशीवर का होईना, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं केला पाहिजे. या घरात तो बापानं टाळला.

कापलेलं पिंप परत मोरीत आलं होतं. धुणं कशात भिजवायचं, या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नव्हतं म्हणून. आता झाकणाचा टब आणून त्यात धुणं भिजवायचं आणि तो ओट्यावर ठेवायचा असं ठरलं. गोळीचा व्हॉल्व्ह एकदा अडकला, पण दुरुस्त केला. वीज गेली की हौदातून पाणी मोटारीनं वर चढत नाही आणि जाळीमुळं घागर बुडवता येत नाही, ही सासूची तक्रार रास्त होती. तिच्यासाठी जाळीच्या एका कोपऱ्यात नळी सोडण्यापुरतं तोंड ठेवून साधा हातपंप बसवला.

एक गोष्ट घराच्या हातात नाही. एक ते तीन वर्षांचं पोर सर्वांत जास्त धोक्यात असतं, आणि अंगणवाडीचं शाळापूर्व शिक्षण तीन वर्षांनंतरचं. बांगलादेशात खेड्यापाड्यांत सकाळी नऊ ते एक या वेळात लहान मुलांना एका ठिकाणी सांभाळण्याची केंद्रं चालवली गेली आणि बुडण्याचं प्रमाण खूप खाली आलं. तिथं आईचे हात गुंतलेले असण्याची ती वेळ आहे. विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्यात कारखान्यातल्या पाळणाघराची तरतूद होती, पण घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला तिचा उपयोग नाही, कारण तिचं घर कारखाना ठरत नाही. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची केंद्राची पाळणा योजना २०२२ पासून आहे. आपल्या भागात ती आहे का, हे अंगणवाडी सेविकेला विचारावं, आणि नसेल तर गल्लीतल्या बायकांनी मिळून लेखी मागावं. इथं तशी मागणी करताना एक जास्तीची ओळ घालायला हवी: पाळणाघराची वेळ सकाळी दहाला सुरू होऊन भागणार नाही, नळ पहाटे येतो.